पिशवीवरचा आळ

दिवाळीच्या आगेमागे अकलूज परिसरातल्या रस्त्यांवर बैलगाड्यांची वर्दळ सुरू होते. शंकरनगर, माळीनगर, श्रीपूर, सदाशिवनगर ही माळशिरस तालुक्यातली साखर कारखान्यांची गावे. गव्हाणीत पहिली मोळी पडण्याआधीच बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून ऊसतोड टोळ्या येऊन उतरलेल्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, पाचटाची किंवा ताडपत्रीची कोप आणि पुढचे पाच-सहा महिने. या टोळ्यांमधल्या बायकांपैकी कित्येकींच्या पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण असतो. विचारले तर उत्तर एका वाक्यात मिळते: 'पिशवी काढलीय.'

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली, त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय महिलांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आढळते. दोन्ही पाहण्यांची रचना वेगळी आहे, हे मान्य केले तरी एवढी तफावत रचनेने भरून निघत नाही. उचल, खाडा, मुकादमी आणि खासगी दवाखान्यांचे अर्थकारण यांवर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण या चर्चेत एक साधा वैद्यकीय प्रश्न मागे राहिला. ज्या तक्रारीसाठी पिशवी काढली, त्या तक्रारीचा उगम खरोखर पिशवीत होता का? पुष्कळदा नसतो. गर्भाशय हा सांगकाम्या अवयव आहे. त्याला हुकूम दुसरीकडून येतात, आणि हुकमात गोंधळ झाला की रक्तस्राव मात्र त्याच्याकडून होतो. दिसतो तो रक्तस्राव, म्हणून आळही त्याच्यावरच येतो.

हे हुकूम कसे येतात हे समजून घ्यायला अकलूजच्या माणसाला फार लांब जायला नको. साखर कारखान्याचा भोंगा वाजतो तेव्हा तो पंचक्रोशीत सगळ्यांना ऐकू येतो. शाळेतली मुले ऐकतात, दुकानदार ऐकतो, शेतात पाणी धरणारा ऐकतो. पण डबा उचलून निघतो तो ज्याची पाळी बदलली आहे तो कामगारच. शरीरात निरोप पोहोचवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. मज्जातंतू म्हणजे थेट एका घरी लावलेला फोन, क्षणात लागतो आणि क्षणात संपतो. संप्रेरक म्हणजे भोंगा. ग्रंथी आपला रस नळीवाटे कुठे नेऊन ओतत नाही, सरळ रक्तात सोडते. रक्त तो सगळीकडे नेते. ज्या पेशीपाशी त्या संप्रेरकाला ओळखणारा ग्राहक रेणू आहे ती पेशी कामाला लागते, बाकीच्या आपल्या जागी स्वस्थ असतात.

या भोंग्याचा आवाज किती बारीक असतो याचा अंदाज सहसा कुणाला नसतो. तरुण स्त्रीच्या रक्तात इस्ट्रॅडिऑल हे मुख्य स्त्री-संप्रेरक एका मिलिलिटरमागे काही दशक ते काही शतक पिकोग्रॅम असते. शंभर पिकोग्रॅम धरले तर हिशेब असा होतो: दहा हजार लिटरचे पाण्याचे एक हजार टँकर ओळीने उभे करायचे आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम साखर विरघळवायची. एवढ्या पातळ गोडीवर हाडे टिकतात, त्वचा ओलसर राहते, झोप लागते आणि महिन्याची पाळी चालते.

रक्त निरोप नेते हे सिद्ध झाले ते १९०२ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. तोवर शरीरातला प्रत्येक हुकूम मज्जातंतूंतूनच जातो अशी पक्की समजूत होती. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेटोळ्याचे मज्जातंतू तोडले, फक्त रक्तवाहिन्या ठेवल्या आणि त्या वेटोळ्यात आम्ल सोडले. तरीही दूरवरचे स्वादुपिंड पाझरू लागले. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात वाटून त्याचा अर्क शिरेत टोचला. पुन्हा तेच झाले. निरोप रक्तातून गेला होता. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी 'हार्मोन' हा शब्द वापरला. चेतवणे, गती देणे अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो आला. मराठीतला 'संप्रेरक' त्याच अर्थाचा आहे आणि कानाला जड वाटला तरी नेमका आहे.

मात्र ग्रंथी काढली की सगळे शरीर बदलते, हे ज्ञान विद्यापीठांपेक्षा कितीतरी जुने आहे. अकलूजच्या बाजारात जनावर पारखणाऱ्या कुणालाही ते ठाऊक असते. गोऱ्हा लहान वयात खच्ची केला की त्याचा बैल होतो. वशिंड वळूसारखे वाढत नाही, मान तेवढी भरत नाही, मारकेपणा जातो, गाडीला जुंपता येतो. वृषण काढले किंवा निकामी केले पोटाखाली, आणि बदल झाला मानेत, स्वभावात, हाडांच्या वाढीत. १८४९ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी हेच कोंबड्यांवर पाहिले. वृषण काढलेल्या कोंबड्यांचा तुरा खुजा राहिला, बांग गेली, झुंज गेली. पण काढलेले वृषण पोटात दुसरीकडे बसवले तेव्हा तुरा वाढला आणि बांगही आली. मज्जातंतू तर तुटलेले होते, म्हणजे जे काही चालले होते ते रक्तातून चालले होते. जनावराच्या बाबतीत जे गोठ्यात कळते, ते बाईच्या बाबतीत दवाखान्याच्या दारात विसरले जाते. तिथे मात्र 'पिशवी आहे, मुले झालीत, आता तिचे काय काम' एवढाच विचार होतो, आणि पिशवीबरोबर बाजूच्या दोन ग्रंथीही गेल्या तर त्याची कुणी नोंदसुद्धा सांगत नाही.

त्या दोन ग्रंथी म्हणजे बीजांडकोश. गर्भाशय ही संप्रेरकांची ग्रंथी नव्हे. ती जाड स्नायूंची पिशवी आहे, आतून अस्तर लावलेली. महिनाभर त्या अस्तराचे काय करायचे हे ठरते मेंदूच्या तळाशी. तिथला हायपोथॅलॅमस तासा-दीड तासाने एकेक ठोका देतो. त्याखाली लोंबणारी, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी तो ठोका ऐकून एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. ती बीजांडकोशापर्यंत पोहोचतात. तिथे बीज पिकू लागते आणि पिकता पिकता इस्ट्रॅडिऑल तयार करते. त्याच्या हुकमाने गर्भाशयाचे अस्तर जाड होते. इस्ट्रॅडिऑलची पातळी वाढून दोनेक दिवस टिकली की पीयूषिका एलएचचा लोंढा सोडते आणि बीज बाहेर पडते. मागे उरलेली पिवळसर गाठ प्रोजेस्टेरॉन बनवते, ते अस्तराला घट्ट धरून ठेवते. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत ती गाठ विरते, प्रोजेस्टेरॉन उतरते आणि अस्तर सुटून येते. हीच पाळी. गर्भाशयाने यात स्वतःहून काही ठरवले असे एकही पाऊल नाही.

हायपोथॅलॅमसचा ठोका थांबून थांबून का येतो, याचे उत्तर १९७० च्या दशकात अमेरिकेत माकडिणींवर झालेल्या प्रयोगांनी दिले. तेच संप्रेरक तासातासाने दिले की पीयूषिका काम करते. अखंड देत राहिले की ती गप्प होते. सतत वाजणाऱ्या भोंग्याकडे कोण लक्ष देणार! निरोपाचा अर्थ द्रव्यात असतो तितकाच त्याच्या तालातही असतो. हा ताल भूक, अतिश्रम, तापलेले शरीर, मोडलेली झोप यांनी बिघडतो. ऊस भरायला ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला उठायचे, पहाटे पुन्हा फडात जायचे, असे महिनोन्‌महिने काढणाऱ्या बाईच्या मेंदूला हा ताल सांभाळणे सोपे नसते.

गर्भाशय किती आज्ञाधारक आहे याचा पुरावा महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक घराने पाहिलेला आहे. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी अकलूजला येते, रिंगण होते. घरात पाहुणे असतात. गौरी-गणपती असोत, लग्न असो की वारी असो, औषधाच्या दुकानातून 'पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या' आणल्या जातात. त्यांत नॉरइथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे द्रव्य असते. अस्तर धरून ठेव, असा खोटा हुकूम ते देत राहते आणि गर्भाशय तो पाळते. गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. या गोळ्या डॉक्टरला न विचारता, वारंवार घेणे बरे नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा त्रास असलेल्यांनी तर मुळीच घेऊ नयेत. पण चार गोळ्यांनी ज्या अवयवाला आठ दिवस थोपवता येते, त्याचा रक्तस्राव थांबवायला तो कापूनच काढावा लागतो असे कुणी सांगितले तर निदान एक प्रश्न तरी विचारायला हवा.

तो प्रश्न हा की हुकमात बिघाड कुठे आहे. पस्तिशी-चाळिशीत अंगावरून जास्त जाण्याची कारणे अनेक. कधी खरोखरच गर्भाशयात गाठ असते, कधी अस्तराची वाढ विकृत असते, आणि त्या वेळी शस्त्रक्रिया जीव वाचवते, हे निर्विवाद. पण कितीतरी वेळा महिन्यात बीजच बाहेर पडलेले नसते. बीज नाही म्हणून पिवळी गाठ नाही, गाठ नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही, आणि धरून ठेवणारे कुणी नसल्याने वाढलेले अस्तर वेळी-अवेळी, ढिगाने कोसळते. दोष असतो निरोपात. दुसरे कारण गळ्यात असते. अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, मंदावली की पाळी जास्त जाऊ लागते. थकवा, अंगावर सूज, थंडी सहन न होणे ही बाकीची लक्षणे कष्टाच्या नावावर खपून जातात. २०१३ मध्ये भारतातल्या आठ शहरांत झालेल्या अभ्यासात प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉइडची कमतरता आढळली होती, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती जास्त होती. टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी ते सांगते. उपचार म्हणजे सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी. एवढी तपासणी न करता पोट उघडायचे, याला वैद्यक म्हणता येत नाही.

आणि ज्या तक्रारीने या बायका सर्वाधिक धास्तावतात, ती रक्ताची नसतेच, पांढऱ्या पाण्याची असते. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, जळजळ. हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि औषधांनी बरा होतो. त्यावर 'पुढे कॅन्सर होईल' हे एक वाक्य टाकले की भीती उरलेले काम करते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो. तो ओळखायच्या तपासण्या आहेत, व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून पाहण्याची पद्धत तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. भीतीपोटी पिशवी काढणे हा त्या तपासणीचा पर्याय होऊ शकत नाही.

संसर्ग का होतो, हे उसाच्या फडात उभे राहिले की कळते. आडोसा नसतो, पाणी नसते, पाळीत वापरायचा कपडा धुऊन उन्हात वाळवायला जागा नसते. लघवीला जायची सोय नाही म्हणून बाई दिवसभर पाणी पीत नाही. इथे दुसरी एक ग्रंथी राबू लागते. घाम जाऊन रक्त एक-दोन टक्के जरी दाट झाले तरी पीयूषिकेच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन सुटते. मूत्रपिंडाला त्याचा हुकूम असतो की पाणी सोडू नकोस. लघवी थोडी आणि गडद होते, मूत्रमार्ग धुऊन निघायचा तो निघत नाही, जंतूंना मुक्काम मिळतो. शरीराने आपले काम चोख केलेले असते, पाणी वाचवले असते. त्याला काय ठाऊक की ही बाई तहानलेली आहे ती दुष्काळाने नव्हे, संडास नसल्याने. शे-दोनशे माणसांच्या तळावर चार फिरती शौचालये आणि पाण्याची टाकी ठेवली तर गर्भाशयाच्या किती शस्त्रक्रिया टळतील, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. शौचालयाचा खर्च शस्त्रक्रियेपेक्षा नक्कीच कमी आहे. फरक एवढाच की शस्त्रक्रियेचा खर्च बाई कर्ज काढून स्वतः करते.

आता पिशवी काढल्यानंतरचे. गर्भाशय गेले आणि बीजांडकोश राहिले, तर पाळी थांबते पण संप्रेरके चालू राहतात. तरीही अशा स्त्रियांची रजोनिवृत्ती इतरांपेक्षा काही वर्षे आधी येऊ शकते असे पाहण्यांतून दिसले आहे. बीजांडकोशांना रक्त पुरवणारी एक वाट गर्भाशयाकडून येते, ती शस्त्रक्रियेत बंद होते, हे त्याचे एक कारण मानले जाते. दोन्ही बीजांडकोश काढले तर मात्र काही वर्षांचा उतार एका दिवसात संपतो. नैसर्गिक रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन हळूहळू, वर-खाली होत उतरते. इथे सकाळी होते ते दोन-तीन दिवसांत नाहीसे होते.

मेंदूला हे कुणी सांगितलेले नसते. पीयूषिकेची रीत अशी की बीजांडकोशाकडून इस्ट्रोजेन आले की आपला आवाज खाली आणायचा, आले नाही तर वाढवायचा. ते येत नाही म्हणून ती एफएसएच वाढवते, मग आणखी वाढवते. फडाच्या एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाका माराव्यात आणि तो माणूस केव्हाच गावी निघून गेलेला असावा, तसे हे चालते, वर्षानुवर्षे. मेंदूतले तापमान राखणारे केंद्रही इस्ट्रोजेनच्या अनुपस्थितीत बिचकते, किरकोळ ऊब वाढली तरी शरीर तापले असे समजून घाम फोडते. एकाएकी अंगातून वाफा निघणे, छातीत धडधडणे, रात्री घामाने जाग येणे ही त्याची लक्षणे. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात उसाच्या पात्यांमध्ये वाकलेल्या बाईला वाफ उन्हाची की आतली, हे कसे कळावे? ती म्हणते, ऑपरेशनपासून अंगात दम राहिला नाही. घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा. दोघांपैकी तिचे म्हणणे शरीरशास्त्राला धरून आहे.

हाडांचे नुकसान याहून शांतपणे होते. हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. जुने खरवडणाऱ्या आणि नवे बांधणाऱ्या पेशी तिथे अखंड काम करत असतात. खरवडणाऱ्यांना आवर घालतो तो इस्ट्रोजेनचा हुकूम. तो थांबल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडे सर्वांत वेगाने झिजतात आणि दुखतही नाहीत. ऊसतोडीत मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून वाहणे हे काम प्रामुख्याने बायकांचे. ओली, जड मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचे आणि रिकामे उतरायचे, दिवसात कित्येकदा. मणक्यांवर आणि खुब्यावर सगळ्यांत जास्त भार ज्या बायकांच्या पडतो, त्यांच्याच हाडांचे संरक्षण तिशी-पस्तिशीत काढून घेतले गेले. रक्तवाहिन्यांचेही तसेच. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजांडकोश गमावलेल्या आणि संप्रेरकांचे उपचार न मिळालेल्या स्त्रियांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक असल्याचे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या दीर्घकालीन अभ्यासांत दिसले आहे. खाडा वाचवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पुढच्या वीस वर्षांच्या मजुरीत वजा होते, ती अशी.

२०१९ नंतर काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना गर्भाशय शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ उभे राहिले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या प्रकरणांवरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये त्या सर्व राज्यांनी स्वीकाराव्यात असा आदेश दिला. हे सगळे शस्त्रक्रियेच्या आधीचे कुंपण आहे, आणि ते हवेच. पण ज्या हजारो जणींची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे त्यांच्यासाठी यात फारसे काही नाही. शिवाय परवानगीचा नियम जिल्ह्याच्या हद्दीत चालतो, टोळी मात्र वर्षातले पाच-सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात असते. पोट दुखायचे ते तिथेही दुखते.

म्हणून अकलूजसारख्या गावावर, तिथे या शस्त्रक्रिया झाल्या असोत वा नसोत, एक जबाबदारी येते. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. अकलूजला उपजिल्हा रुग्णालय आहे. टोळ्या कुठे उतरतात, किती कोयते आहेत, याची यादी कारखान्यांकडे असतेच, कारण उसाच्या नोंदीसाठी ती लागते. त्या यादीवरून तळावर जाऊन हंगामाच्या पहिल्याच महिन्यात तपासणी करणे अशक्य नाही. हिमोग्लोबिन, रक्तदाब, टीएसएच, गर्भाशयमुखाची तपासणी, पांढऱ्या पाण्यावर तिथेच औषध. जास्त रक्तस्राव असेल तर आधी गोळ्या, मग गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन. हे साधन प्रोजेस्टेरॉनसारखा हुकूम थेट अस्तरापाशी देते आणि रक्तस्राव पुष्कळ कमी करते. ते महाग आहे ही तक्रार खरी, पण मजुरी बुडवून केलेल्या शस्त्रक्रियेशी तुलना केली तर तितकी खरी राहत नाही.

ज्यांची पिशवी आधीच गेली आहे, त्यांच्यासाठी पहिली पायरी त्याहून साधी आहे. त्यांच्याजवळ असलाच तर एक मळका, इंग्रजीतला डिस्चार्ज कागद असतो. त्यावर बीजांडकोश ठेवले की काढले हे लिहिलेले असते, किंवा नसते. बाईला ते कधी सांगितलेले नसते. कागद तळावरच्या परिचारिकेने वाचून मराठीत सांगावा आणि तिच्या कार्डावर लिहून द्यावा. कागद हरवला असेल तरी रक्त साक्ष देते. एफएसएचची तपासणी म्हणजे मेंदूची हाक किती मोठी झाली आहे याचेच मोजमाप. पस्तिशीतल्या बाईत ती चढलेली आढळली तर बीजांडकोश गेले आहेत किंवा थकले आहेत असे समजून पुढे जाता येते. स्तनाचा कर्करोग, गुठळ्या, यकृताचा आजार असे काही आड येत नसेल तर रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे भारतीय स्त्रियांत साधारण ४६-४७ पर्यंत, इस्ट्रोजेन बाहेरून द्यावे असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. गर्भाशय नसलेल्या स्त्रीला ते एकट्याने देता येते, सोबत प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, जेवणात नाचणी-तीळ आणि पुरेशी डाळ हे त्याच्या जोडीला. गोळी कोणी द्यायची, किती द्यायची हे डॉक्टरनेच ठरवायचे, पण ती मिळू शकते हे तरी तिला कळायला हवे.

मार्चअखेर कारखान्यांचे पट्टे पडू लागतात आणि टोळ्या गावाकडे निघतात. तपासणी, अहवाल आणि पहिल्या दोन महिन्यांची औषधे एवढे उरकायला त्याआधीचे चार महिने पुरतात. मात्र पुढची गोळी तिला वडवणी किंवा धारूरच्या आरोग्य केंद्रात मिळायची, तर कार्डावरचा मजकूर तिथल्या डॉक्टरला वाचता यायला हवा, आणि ते कार्ड मुकादमाकडे नव्हे, तिच्याजवळ असायला हवे.